सहाचा आकडा : डेल्टा फोर्सची पहिली मोहीम

१/
२४ एप्रिल १९८०. इराणच्या मध्यभागी, तबसच्या परिसरातील एक ओसाड माळ. काळोखात अमेरिकन मालवाहू विमानांची इंजिने धडधडत आहेत, पंख्यांच्या वाऱ्याने धूळ उसळते आहे आणि एक कर्नल हेलिकॉप्टरांची वाट पाहतो आहे. निघाली होती आठ. पोहोचली सहा. थोड्याच वेळात कामाची उरणार होती पाच. आणि मोहिमेसाठी लागत होती किमान सहा.

२/
त्या कर्नलचे नाव चार्ल्स बेकविथ. ‘डेल्टा फोर्स’ या अमेरिकन विशेष दलाचे ते संस्थापक. असे दल उभे राहावे म्हणून त्यांनी आयुष्याची दीड दशके खर्ची घातली होती. ती रात्र त्यांच्या दलाची पहिलीच खरी परीक्षा होती, आणि त्याच रात्री ‘पुढे जाता येणार नाही’ हे शब्द त्यांना स्वतःच्या तोंडाने उच्चारावे लागले. हा थ्रेड त्या नकाराचा आणि त्यातून घडलेल्या इतिहासाचा.

३/
बेकविथ यांचा जन्म १९२९ सालचा, जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरातला. आडदांड शरीर, फुटबॉलच्या मैदानावर कमावलेली रग आणि वरिष्ठांसमोरही न दबणारी जीभ. पुढे सैन्यात त्यांना जे टोपणनाव मिळाले, त्याचा आशय ‘थेट धडक मारणारा चार्ली’ असा होता. माघार हा शब्द त्यांच्या स्वभावात बसणारा नव्हता. पुढची कथा वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

४/
१९६२ मध्ये अदलाबदलीच्या योजनेखाली बेकविथ ब्रिटिश सैन्याच्या ‘एसएएस’ या दलात वर्षभरासाठी दाखल झाले. अमेरिकन सैन्यातील शिस्त, चकचकीत बूट आणि कडक सलाम यांची सवय असलेल्या या अधिकाऱ्याला तिथले वातावरण प्रथम अजागळ वाटले. जवान अधिकाऱ्यांशी मोकळेपणाने बोलत, वाद घालत. पण डोंगरात आणि मलायाच्या जंगलात हीच माणसे काय करू शकतात, हे पाहिल्यावर त्यांचे मत पालटले.

५/
मलायाच्या त्या जंगलातच बेकविथ यांना लेप्टोस्पायरोसिसने गाठले. मरणाच्या दारातून ते परतले आणि परतताना एक कल्पना सोबत घेऊन आले. अमेरिकेकडे अशी लहान, निवडक, स्वतःच्या बुद्धीने चालणारी तुकडी नव्हती. अमेरिकेच्या ‘स्पेशल फोर्सेस’ परदेशी लढवय्यांना शिकवण्यात तरबेज होत्या. स्वतः घुसून, घाव घालून, परत येणारे दल ही निराळी चीज होती.

६/
खुद्द एसएएसचा जन्मही एका अपयशातूनच झाला होता. १९४१ च्या नोव्हेंबरात डेव्हिड स्टर्लिंग यांच्या जवानांनी उत्तर आफ्रिकेत पहिली मोहीम काढली. भर वादळात विमानांतून हवाई छत्र्यांनी उड्या टाकल्या गेल्या. माणसे विखुरली, सामान हरवले. निघालेल्यांपैकी निम्म्याहून कमी परतले. शत्रूशी झुंज होण्याआधीच वाऱ्याने मोहीम बुडवली होती.

७/
स्टर्लिंग यांनी त्यातून धडा घेतला. जवान उत्तम होते, चुकला होता तो जाण्याचा मार्ग. पुढच्या वेळी आकाशाचा नाद सोडून त्यांनी वाळवंटाची खडान्‌खडा माहिती असलेल्या एका टेहळणी दलाच्या मोटारगाड्यांतून जाणे पसंत केले आणि शत्रूच्या धावपट्ट्यांवर उभी असलेली विमाने उडवण्याचा सपाटा लावला. लक्ष्यापर्यंत पोहोचणे हीच अर्धी लढाई असते, हे त्या दलाने पहिल्याच वर्षी शिकून घेतले.

८/
अमेरिकेत परतल्यावर बेकविथ यांनी वरिष्ठांना अहवाल दिला, पाठपुरावा केला, वाद घातले. फारसे कोणी ऐकले नाही. दरम्यान व्हिएतनामचे युद्ध पेटले. १९६६ मध्ये तिथे हेलिकॉप्टरमध्ये असताना जड मशीनगनची गोळी त्यांच्या पोटात घुसली. जखमींची छाननी करणाऱ्यांनी हा माणूस वाचणार नाही असेच धरले होते. तो वाचला, आणि पुन्हा रणभूमीवर गेला. कल्पना मात्र फायलीतच पडून राहिली.

९/
ती फाईल उघडली दहशतवादाने. १९७२ मध्ये म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंचे ओलीसनाट्य रक्तपातात संपले. जुलै १९७६ मध्ये इस्रायली कमांडोंनी युगांडातील एन्टेबी विमानतळावरून ओलिसांना सोडवून आणले. ऑक्टोबर १९७७ मध्ये पश्चिम जर्मनीच्या ‘जीएसजी ९’ या दलाने सोमालियाची राजधानी मोगादिशू येथे अपहृत विमानावर यशस्वी धाड घातली. त्यांच्या सोबतीला एसएएसचे दोन जवान होते.

१०/
मोगादिशूच्या बातमीनंतर वॉशिंग्टनमध्ये एक साधा प्रश्न विचारला गेला : आपल्याकडे असे दल आहे काय? प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे होते. पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर १९७७ मध्ये, नॉर्थ कॅरोलिनातील फोर्ट ब्रॅग येथे डेल्टा फोर्सची स्थापना झाली. पहिले ठाणे म्हणून मिळाली ती तिथल्या लष्करी तुरुंगाची इमारत. बेकविथ यांनी दल सज्ज करायला दोन वर्षे मागून घेतली.

११/
निवडचाचणी त्यांनी एसएएसच्या धर्तीवर आखली. पाठीवर ओझे, हातात नकाशा आणि होकायंत्र, समोर डोंगररान. एका टप्प्यावर पोहोचले की पुढच्या टप्प्याचा ठिकाणा मिळे. किती अंतर उरले, किती वेळात पोहोचायचे, आपण पुढे आहोत की मागे, यांपैकी काहीच सांगितले जात नसे. शेवटची चाल सुमारे ६५ किलोमीटरची. ओरडणारा कोणी नाही आणि शाबासकी देणारेही कोणी नाही.

१२/
या चाचणीत बलदंड माणसे गळत आणि सामान्य दिसणारी टिकत. शोध स्नायूंचा नव्हता, मनाचा होता. कोणी पाहत नसताना, शेवट कुठे आहे हे ठाऊक नसताना जो माणूस पाऊल टाकत राहतो, तो हवा होता. निवड झालेल्यांना मग नेमबाजी, कुलपे आणि दारे फोडणे, विमाने आणि आगगाड्यांत शिरणे, गर्दीत मिसळून राहणे असे सारे शिकवले जाई.

१३/
मागितलेली दोन वर्षे संपत आली. नोव्हेंबर १९७९ च्या प्रारंभी जॉर्जियात दलाची अंतिम कसोटी पार पडली आणि डेल्टा सज्ज असल्याचा निर्वाळा मिळाला. नेमक्या त्याच वेळी, ४ नोव्हेंबर रोजी, तेहरानमध्ये क्रांतिवादी विद्यार्थी अमेरिकन दूतावासाच्या भिंतींवरून आत शिरले. त्यांनी ६६ अमेरिकनांना ताब्यात घेतले. काहींची पुढे सुटका झाली, तरी ५३ जण एप्रिलपर्यंत अडकलेलेच होते.

१४/
तेहरान म्हणजे एन्टेबी नव्हते. एन्टेबीला विमान थेट धावपट्टीवर उतरवता आले. इथे ओलीस होते लाखोंच्या वस्तीच्या शत्रुनगरीत, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. आजूबाजूला उतरायला मित्रदेशाचा तळ नाही. दूतावासाच्या भिंतीपलीकडचे काम डेल्टाने कितीतरी वेळा घोटले होते. अवघड होते ते भिंतीपर्यंत पोहोचणे आणि तिथून माणसांना बाहेर काढणे.

१५/
योजना दोन रात्रींची होती. पहिल्या रात्री ओमानजवळच्या मसिरा बेटावरून सहा सी-१३० विमाने जवान आणि इंधन घेऊन वाळवंटातील एका गुप्त ठिकाणी उतरणार. त्या जागेचे सांकेतिक नाव ‘डेझर्ट वन’. अरबी समुद्रातील ‘निमिट्झ’ या विमानवाहू नौकेवरून आठ हेलिकॉप्टरे तिथे येऊन इंधन भरणार आणि जवानांना तेहरानजवळच्या लपण्याच्या जागी नेणार.

१६/
दुसऱ्या रात्री जवान ट्रकांतून शहरात शिरणार, दूतावासावर आणि ज्या परराष्ट्र मंत्रालयात तीन ओलीस होते तिथे धाड घालणार. रस्त्यापलीकडच्या फुटबॉलच्या मैदानात हेलिकॉप्टरे येणार. तिथून सारे मन्झरिये येथील हवाई तळावर जाणार. तो तळ रेंजर जवानांनी आधीच काबीज केलेला असणार, आणि मोठ्या जेट विमानांतून सर्वांनी इराणबाहेर पडायचे. मोहिमेचे नाव ‘ईगल क्लॉ’, म्हणजे गरुडाचा पंजा.

१७/
या साखळीत भूदल, नौदल, हवाईदल आणि मरीन अशा चारही सेनादलांच्या कड्या होत्या. हेलिकॉप्टरे नौदलाची, सुरुंग शोधण्याच्या कामाची. ती निवडली गेली, कारण त्यांचा पल्ला लांब होता आणि विमानवाहू नौकेवर ती दिसली तरी कोणाला संशय येणार नव्हता. ती चालवणारे बहुतेक वैमानिक मरीन दलाचे. विमाने हवाईदलाची. डेल्टा भूदलाची. गुप्ततेपायी प्रत्येकाचा सराव वेगवेगळा झाला. सर्वांची मिळून एकही रंगीत तालीम झाली नाही.

१८/
आखणी करतानाच एक आकडा पक्का केला गेला. वजनाचा, माणसांचा आणि परतीच्या वाटेवरील ओलिसांचा हिशेब मांडल्यावर डेझर्ट वनहून पुढे निघायला किमान सहा चालू हेलिकॉप्टरे हवीत. सहापेक्षा कमी असल्यास मोहीम रद्द. हा निर्णय थंड डोक्याने, नकाशासमोर बसून, सर्वांच्या संमतीने झाला होता. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १६ एप्रिलला व्हाइट हाउसमध्ये बेकविथ यांच्याकडून योजना ऐकून घेतली. परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांचा मात्र विरोध होता आणि याच प्रश्नावर त्यांनी पद सोडले.

१९/
२४ एप्रिलच्या संध्याकाळी आठ हेलिकॉप्टरे निमिट्झवरून उडाली. सुमारे हजार किलोमीटरचा पल्ला, रडार चुकवण्यासाठी जमिनीलगत उड्डाण आणि पूर्ण रेडिओ मौन. प्रवास सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता, तोच एका हेलिकॉप्टरमध्ये पात्याला तडा गेल्याचा इशारा देणारा दिवा लागला. ते वाळवंटात उतरवून तिथेच सोडून द्यावे लागले. त्यातील माणसांना दुसऱ्या हेलिकॉप्टरने उचलले. उरली सात.

२०/
मग समोर धूळ आली. वादळासारखी घोंघावणारी नव्हे, हवेत तरंगत राहिलेली, पिठासारखी बारीक धूळ. क्षितिज दिसेना, शेजारचे हेलिकॉप्टर दिसेना. एका हेलिकॉप्टरची दिशा दाखवणारी उपकरणे बंद पडली आणि त्याचा वैमानिक निमिट्झकडे परत फिरला. पुढे थोड्याच अंतरावर आकाश निरभ्र होते. विमानांच्या वैमानिकांनी ते पाहिले होते, पण रेडिओ मौनामुळे त्याला कोणी कळवले नाही. उरली सहा.

२१/
डेझर्ट वनवरही सारे काही सुरळीत नव्हते. त्या माळावरून एक रस्ता जात होता. विमान उतरताच चाळीसहून अधिक प्रवाशांनी भरलेली बस तिथे येऊन ठेपली. ती अडवावी लागली. मागून इंधनाचा टँकर आला. तो थांबेना म्हणून त्यावर रॉकेट डागले गेले आणि वाळवंटाच्या काळोखात आगीचा उंच डोंब उठला. जगापासून लपवायची जागा दुरूनही दिसावी अशी उजळून निघाली.

२२/
सहा हेलिकॉप्टरे उशिराने, एकेक करून पोहोचली. वैमानिक थकून गेले होते. तरीही आकडा सहा होता, म्हणजे मोहीम जिवंत होती. जवान हेलिकॉप्टरांत चढू लागले. तेवढ्यात कळले की एका हेलिकॉप्टरची हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली आहे आणि तिथे ती दुरुस्त होणे अशक्य आहे. उरली पाच.

२३/
मोहिमेचे सरसेनापती मेजर जनरल जेम्स व्हॉट इजिप्तमध्ये होते. तिथून विचारणा आली : पाच हेलिकॉप्टरांत भागवता येईल का? हा हुकूम नव्हता, प्रश्न होता. बेकविथ यांच्यापुढे आता सारे आयुष्य उभे ठाकले होते. एसएएसमधले वर्ष, न वाचले गेलेले अहवाल, दोन वर्षांचे प्रशिक्षण, आणि तेहरानमध्ये जवळपास सहा महिने बंदिवासात असलेली माणसे. ‘हो’ म्हणण्यासाठी कारणांची वाण नव्हती.

२४/
पाच घेऊन जायचे तर सुमारे वीस जवान मागे ठेवावे लागणार होते. पण प्रत्येक माणसाला नेमून दिलेले काम होते. कोणते वीस वगळायचे? शिवाय रात्रभर उभी राहिलेली हेलिकॉप्टरे दुसऱ्या दिवशी सारीच सुरू होतील याची खात्री काय? ओलिसांना इमारतीबाहेर काढून मैदानात आणले आणि न्यायला वाहनच नसले, तर सुटका आणि कत्तल यांत अंतर किती उरले असते? बेकविथ यांनी नकार दिला. कार्टर यांनी तो मान्य केला.

२५/
शोकांतिका यानंतर घडली. परतीची तयारी चालू असताना एका हेलिकॉप्टरला जागा बदलणे भाग पडले. ते जमिनीवरून उचलले गेले, पंख्याखालची धूळ उसळली, वैमानिकाला काही दिसेनासे झाले आणि हेलिकॉप्टर इंधनाने भरलेल्या विमानावर आदळले. क्षणात दोन्ही पेटली. हवाईदलाचे पाच आणि मरीन दलाचे तीन, असे आठ जण मृत्युमुखी पडले. शत्रूची एकही गोळी न लागता.

२६/
वाचलेले सारे उरलेल्या विमानांत शिरले. हेलिकॉप्टरे, त्यांतील गुप्त कागदपत्रे आणि आठ सहकाऱ्यांचे देह मागे राहिले. २५ एप्रिलच्या सकाळी कार्टर यांनी दूरचित्रवाणीवरून देशाला मोहिमेची माहिती दिली आणि जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. इराणने ओलिसांना निरनिराळ्या शहरांत पांगवले. ४४४ दिवसांच्या बंदिवासानंतर, २० जानेवारी १९८१ रोजी, उरलेले ५२ जण वाटाघाटींतून सुटले.

२७/
नियतीचा योगायोग पाहा. डेझर्ट वननंतर अवघ्या दहा दिवसांनी, ५ मे १९८० रोजी, लंडनमधील इराणी दूतावासावर एसएएसने धाड घातली. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर, साधारण सतरा मिनिटांत, सहापैकी पाच बंदूकधारी ठार झाले आणि एक वगळता आतले सारे ओलीस वाचले. गुरू गाजला, शिष्य हरला, असे अनेकांना वाटले. पण एसएएसचे जवान आपल्या ठाण्यावरून मोटारींनी लंडनला आले होते. इमारतीचा आराखडा त्यांच्या हाती होता. त्यांच्या आणि लक्ष्याच्या मधे वाळवंट नव्हते.

२८/
ॲडमिरल जेम्स हॉलोवे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. अहवालाने जवानांच्या शौर्यावर बोट ठेवले नाही. त्याने बोट ठेवले ते सांध्यांवर. संयुक्त तालीम नाही, अधिकारांची साखळी सर्वांना स्पष्ट नाही, हवामानतज्ज्ञ आणि वैमानिक यांची थेट गाठ नाही, गुप्ततेचा इतका अतिरेक की आपल्याच माणसाला आपली माहिती मिळू नये. हेलिकॉप्टरेही किमान दहा नेणे शहाणपणाचे ठरले असते, असे त्यात नोंदवले गेले.

२९/
या अहवालाचे पुढे जे झाले, ते फार थोड्या चौकशी अहवालांच्या वाट्याला येते. त्यातून संस्था उभ्या राहिल्या. १९८० च्या डिसेंबरात विशेष मोहिमांसाठी संयुक्त मुख्यालय अस्तित्वात आले. पुढील वर्षी, केवळ रात्री आणि जमिनीलगत उडण्यात पारंगत असे हेलिकॉप्टर दल अधिकृतपणे उभे राहिले. ‘नाइट स्टॉकर्स’ म्हणून ते पुढे ओळखले गेले. १९८७ मध्ये साऱ्या सेनादलांच्या विशेष तुकड्या एका स्वतंत्र कमांडखाली आल्या. उत्तम जवान आधीच होते. आता त्यांना पोहोचवणारे आणि परत आणणारेही तितकेच उत्तम घडवले गेले.

३०/
त्याचे फळ एकदम मिळाले नाही. १९८३ मध्ये ग्रेनाडातील तुरुंगावरची धाड विमानविरोधी माऱ्यापुढे फसली. २० डिसेंबर १९८९ रोजी पनामात मात्र डेल्टाच्या जवानांनी तुरुंगाच्या छपरावर उतरून कर्ट म्यूझ या अमेरिकन बंद्याला काही मिनिटांत बाहेर काढले. त्याला घेऊन उडालेले छोटे हेलिकॉप्टर गोळीबारात खाली आले, तरीही तो वाचला. एक कडी तुटली तर दुसरीने भार पेलावा, याची तयारी आता झालेली होती.

३१/
आणि मग इतिहास पुन्हा मोगादिशूला आला. ज्या शहरातील विजयाने डेल्टाच्या जन्माला चालना दिली, त्याच शहरात ३ ऑक्टोबर १९९३ रोजी डेल्टा आणि रेंजर यांनी टोळीप्रमुख ऐदीदच्या साथीदारांवर धाड घातली. हवी असलेली माणसे हाती लागली, पण दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे पाडली गेली आणि तासाभराचे काम रात्रभराच्या लढाईत बदलले. अठरा अमेरिकन आणि शेकडो सोमाली मेले. चिलखती वाहनांची आधी केलेली मागणी वॉशिंग्टनने मंजूर केली नव्हती. शेवटी अडकलेल्यांच्या सुटकेला मलेशियाची चिलखती वाहने आणि पाकिस्तानी रणगाडे घेऊन ताफा निघाला.

३२/
त्या लढाईत गॅरी गॉर्डन आणि रँडी शुगार्ट हे डेल्टाचे दोन जवान, पडलेल्या हेलिकॉप्टरमधील जखमींना वाचवण्यासाठी आम्हाला खाली उतरवा, अशी परवानगी मागत राहिले. नकार मिळूनही पुन्हा मागितली. अखेर ती मिळाली. दोघेही ठार झाले. वैमानिक मायकेल ड्युरंट यांचे प्राण मात्र वाचले. दोघांना मरणोत्तर अमेरिकेचा सर्वोच्च शौर्यसन्मान देण्यात आला. त्यांचा होकार आणि बेकविथ यांचा नकार एकमेकांच्या विरुद्ध दिसतात. पण गॉर्डन आणि शुगार्ट यांनी पणाला लावले ते स्वतःचे प्राण. बेकविथ यांना पणाला लावायचे होते इतरांचे.

३३/
हा धडा मुंबईकरांनाही परका नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हल्ला सुरू झाला तेव्हा एनएसजीचे कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरला होते. त्यांच्या कौशल्यात उणीव नव्हती. पण विमान मिळून मुंबई गाठेपर्यंत रात्र सरली आणि विमानतळावरून दक्षिण मुंबईकडे ते निघाले ते बेस्टच्या बसमधून. पुढच्या वर्षी मुंबईसह चार महानगरांत एनएसजीची केंद्रे उभी राहिली. दलाचे बळ त्याच्या बंदुकीइतकेच त्याच्या वाहनावरही अवलंबून असते, हे इथेही किंमत मोजूनच कळले.

३४/
बेकविथ १९८१ मध्ये निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे वारले. त्यांच्यावर टीका करणारे होते. पाच घेऊन जायला हवे होते, असे म्हणणारेही होते. तो वाद निकाली निघणे शक्य नाही, कारण न घडलेल्या रात्रीचा पुरावा नसतो. जी घडली, तिच्यात आठ माणसे गेली. तेहरानमधले ओलीस मात्र अखेर जिवंत घरी परतले.

३५/
विशेष दलांच्या कथा बहुधा दार फोडण्याच्या क्षणी रंगतात. पण त्या दारापर्यंत नेणारा वैमानिक, हवामान सांगणारा अधिकारी, पाते तपासणारा मेकॅनिक आणि सकाळी शांतपणे ठरवलेला एखादा आकडा रात्री गोंधळातही पाळणारा नायक, हे सारे त्याच दलाचे भाग असतात. धडक मारण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या एका कर्नलने आयुष्यातील सर्वांत मोठ्या रात्री तो आकडा पाळला. डेल्टाच्या पहिल्या मोहिमेत यश म्हणावे असे काही असेल, तर ते एवढेच.